आहे, खरं सापडत नाही

मार्चची एकोणतीस तारीख. निपाणीत
तंबाखूच्या वखारीला पाठ लावून उभ्या
सौहार्द सोसायटीच्या माडीवर
मी नवं टूल जोडत बसलेय
आणि ते परत परत एकच वाक्य देतंय:
या नावाचा स्कीमा अस्तित्वात नाही.

नाही कसा?
शेजारच्या खिडकीत मला तो दिसतोय.
उघडला तर आत सगळं जागच्या जागी,
सभासद, ठेवी, तारणाचं सोनं,
अक्कोळच्या बाळाक्का मगदूमची पिग्मी,
रोजचे वीस रुपये, एकही दिवस न चुकता.

दुंडाप्पा चहा ठेवून पडद्यावर वाकतो.
"काय झालं वो म्याडम?"
आहे, खरं सापडत नाही, मी म्हणते.
तो जिन्यातून खाली ओरडतो,
"ऐति, खरे सिगवल्दु!"

पुण्यात होस्टेलवर या 'खरं'ला हसायच्या पोरी.
खरं काय गं? विचारायच्या.
काही नाही, खरं म्हणजे पण.
वेदगंगेच्या काठाला दोन्ही भाषांत
'पण'च्या जागी खरं बसलेलं असतं,
कुणी बसवलं, माहीत नाही.

परवानगी तपासली. आहे.
वाट पाहिली, म्हणजे टूल ज्या वाटेनं शोधतं ती.
तीही बरोबर.
मग तो संशय आला
जो इथं कुणालाही सगळ्यात आधी यायला हवा होता:
स्पेलिंग.
एक पी की दोन?
बसच्या पाटीवर दोन, माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक.
एक घालून बघितला. नाही.
दोन घातले. नाही.
मॅनेजर सदलगी वर आले, म्हणाले दोनच, सरकारी तसंच आहे.
कॅशियर खोत म्हणाला एकच, सोसायटी जुनी आहे.
बोलत बोलत दोघं जिना उतरले,
आवाज शटरपर्यंत ऐकू येत होते,
मग मोटरसायकली.

साडेदहाला मी नावातली अक्षरं सुटी करायला लावली,
एकेकाचा आकडा मागितला.
सहा अक्षरं. पी एकच.
खोताचं बरोबर होतं, तरी सापडत नव्हतं.
शेवटी चिकटलेली रिकामी जागाही नाही.
पहिल्या अक्षराचा आकडा अठ्ठ्याहत्तर.
मला हवा होता एकशे दहा.

मोठा एन.

अवतरणाशिवाय कुठलंही नाव आलं
की ते आधी बारीक अक्षरांत दळायचं
आणि मग शोधायचं, ही या डेटाबेसची रीत.
मी निपाणी म्हणत होते, तो निपाणी ऐकत होता,
आणि निपाणी तिथं नव्हती.
आता हे दुंडाप्पाला कसं सांगू?
मराठीतला न उभ्या जन्मात एकाच उंचीचा,
कन्नडातला ನ सुद्धा.

शिवलीला अंगडीला फोन लावला.
बारा वर्षांपूर्वी हे तिनं बांधलं, आता हुबळीला असते.
झोपेतूनच म्हणाली, "गावाचं नाव ना ते?
हिरेमठ बाईंनी छडी मारून शिकवलं होतं,
गावाचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू करायचं."
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"बदलू नको गं. पिग्मीचा जुना प्रोग्राम
त्याच नावानं हाक मारतो."

नाही बदललं.
तंबाखूच्या बोदाला दोन्ही टोकांना
सुतळीचा टाका मारतात,
तशी नावाला दोन्हीकडून अवतरणचिन्हं मारली.

प्रिंटर खोकला. थांबला. मग लागला.
पहिलीच पावती बाळाक्काची.
दुंडाप्पानं ती वाचली नाही,
ट्यूबलाइटपुढं धरून
शाई ओली आहे का तेवढं बघितलं.
"आलं की," म्हणाला. "खरं..."

खरं काय?

"चहा गार झाला."